भंडारा सोसला न्हाई

सेलम, २० ऑक्टोबर २०२४

आन परत सांगतो आबा, भंडारा मायाला, तुमच्या सुनंला, सोसला न्हाई म्हंजी ती देवाला सोसली न्हाई, असं हुत न्हाई. हेच फोनवर म्हणालो तर तुमी फोन कापला. परत लावला, परत कापला. मंग आईनं उचलला तर मागनं तुमचा आवाज, "ठेव गं ते." म्हणून आता कागदावर लिहितोय. कागद मधनंच कापता येत न्हाई. फाडायचा तर फाडा, पण पोस्टमन हातात देताना पारावरची माणसं बघणार आन इच्यारणार, नाथाजी, काय लिवलंय पोरानं? तवा काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा.

मी देवाला बोलत न्हाई. आधीच सांगतो, न्हाईतर तुमची भैन म्हणंल, पोरगं तमिळ मुलखात जाऊन बाटलं. माझ्या उशाला खंडोबाचा फोटो हाय. गलाईच्या दुकानात भट्टी पेटवायच्या आदी कपाळाला बोट लावूनच मी सोनं वितळवायची मूस हातात धरतो. मी बोलतोय ते तुमाला आन बयाबाई आत्याला.

दसऱ्याला माळावरच्या देवळात काय झालं ते मला आईनं सांगितलं, मायानं सांगितलं, आन दोघींचं एकच निघालं. आत्यानं सगळ्यांच्या कपाळाला भंडाऱ्याचं बोट लावलं. मायाला मातुर मूठभर घेऊन कपाळापासनं गळ्यापतूर चोळला. का, तर लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला न्हाई. भंडारा जादा चोळला की देव जादा ऐकतो व्हय? आन नवरा सेलमला, बायको माळावर, पाळणा हलायचा कसा, हे आत्याला कुणी इच्यारलं का? ते जाऊ द्या, बापाला लिहायची ही गोष्ट न्हाई.

राती तिच्या तोंडाची आग आग झाली. सकाळी डोळं उघडंनात, गालावर पाण्याचं फोड. शेजारच्या घरातनं कुणी म्हणालं बी, पोरीला आटपाडीला दवाखान्यात न्या. तर आत्याच्या अंगात आलं. "भंडारा पोरीला सोसंना, देव हिला घरात घेईना!" आन तुमी मान हलवलीसा. लगीच तानाजीला सांगावा, भैनीला घेऊन जा म्हणून. भाऊ बिचारा लोणंदहनं आला, च्या बी न पिता तिला घेऊन गेला. तोंडावर पदर घेऊन यष्टीत बसवली माझ्या बायकोला.

ही पोरगी मी पळवून आणली न्हवती आबा. लोणंदच्या बाजारात मेंढरं विकायला तुमीच गेला हुता, तानाजीला शब्द तुमीच दिला. घरी येऊन आईला म्हणाला, पोरगी कामाची हाय.

आन वरनं ही परीक्षा कुठनं काढली? चंपाषष्ठीला तिला परत देवळात आणायची, परत भंडारा चोळायचा. उठलं न्हाई तर घरात, उठलं तर काडीमोड. कातडीवर निकाल! बाई हाय का मेंढरू, पाठीवरची खूण बघून कळपात घ्यायचं का हाकलायचं?

एक इच्यारतो, त्याचं उत्तर द्या. दसऱ्याच्या आदी पंधरवडाभर तिला जीपगाडीत कोंबून खानापूरकडं द्राक्षबागंत कुणी धाडली? छाटणी झाली की फुटवा यावा म्हणून काडीच्या डोळ्याला औषध लावत्यात, पेस्ट म्हणत्यात त्याला. बागवाला म्हणतो हातमोजं घालत जावा. देतो का हातमोजं? बाया हाताला पिशव्या बांधत्यात, पिशव्या फाटत्यात. तिच्या बोटांची सालं निघाली हुती. तिनं मला फोटू धाडला हुता, मी आईला म्हणालो, खोबरेल लाव म्हणावं. माझी अक्कल बी तेवढीच. त्याच हातानं घरी येऊन सोड्याच्या पावडरीनं भांडी, त्याच हातानं घामाचं तोंड पुसायचं. आन त्यावर आत्याची मूठ. आता सांगा, देवाचं काय चुकलं त्यात?

माझं इकडं बरं हाय. अक्षर वाकडं आलंय, पेन खराब हाय.

तुमचाच, अमृत


सेलम, ५ नोव्हेंबर

आबा, दिवाळी झाली. तुमचा जबाब न्हाई. आई म्हणली, पत्र तुमी मेंढराच्या वाड्यात जाऊन वाचलंत आन टोपीत ठेवलंत. फाडलं न्हाई हे ऐकून बरं वाटलं, पण मला रागवायचं काम हाय म्हणून बरं वाटलेलं लांबवत न्हाई.

पेन खराब न्हवतं. माझं हात फुटलेत.

आईला सांगू नका. न्हाई, सांगा. लपवालपवीनंच आपल्या घराचा नास झालाय.

गलाईत काय असतं ते तुमी कधी इच्यारलं न्हाई. जुनं दागिनं वितळवायचं, तेजाबात टाकून सोनं-चांदी येगळी करायची, मंग पाण्यानं धुत बसायचं. तेजाबाला आमी जपून असतो, चटका बसला तर लगीच कळतो. मला खाल्लं ते धुण्याच्या पाण्यानं. दिसभर हात वल्लं. वर साबण. रबरी मोजं घातलं तर आत घाम. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, मंग भेगा, आता घास मोडताना भाकरीचा कण लागला तरी डोळ्यात पाणी येतंय. इकडं भाकरी कुठली म्हणा, भातच.

दुकानाचं मालक लालासाहेब आपल्या विट्याकडलंच. गावाकडचा माणूस म्हणून माया करतील असं वाटलं हुतं. तर गिऱ्हाइकापुढं म्हणत्यात, "काय रं अमृता, मेंदी काढलीयास का हाताला? धनगराचं पोर हायस का इनामदाराची लेक?" सगळी हसली. मी बी हसलो. काय करणार?

माझ्याबरोबर शंभूराज हाय, लेंगऱ्याचा. माझ्या आदीपासनं ह्याच कामात, ह्याच पाण्यात. त्याचं हात बघा, म्हशीची पाठ. एक भेग न्हाई. राती खोलीत त्यानं माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला, म्हणाला, "गड्या, एका ताटात जेवतो, एका टपात हात घालतो. मला का न्हाई आन तुलाच का?" मी म्हणालो, "माझ्यावर बी देव कोपला आसंल." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मंग मायाचं समदं सांगितलं, तर दुसऱ्या दिशी त्यानं मला वढत सरकारी दवाखान्यात नेलं. त्याला तमिळ येतंय.

कातडीची डाक्टरीणबाई हाय तिथं. मी हात पुढं केलं, तिनं न घाबरता धरलं. आबा, तुमाला यात काय वाटणार न्हाई. पण दुकानात माझ्या हातातनं पाण्याचा तांब्या घ्यायचं लोकांनी सोडलं हुतं. तिनं पहिलं काय सांगितलं तर हे लागत न्हाई, एकाचं दुसऱ्याला हुत न्हाई. शंभूराजला म्हणालो, परत इच्यार. परत तेच सांगितलं.

मंग मी तोच सवाल टाकला. एकाच पाण्यात दोघांचं हात, फुटलं माझंच, ते का?

तिनं जे सांगितलं ते तमिळचं मराठी करून, आन मला उमगलं तसं लिहितो. आपल्या रानाचा दगडी बांध बघा. दगडावर दगड आन मधी माती. कातडी तशीच. बारकं बारकं दगड आन मधी मेणावानी चिखल, त्यानं आतला वलावा आत ऱ्हातो आन भाइरचं भाइर. कुणाच्या बांधाची माती घट्ट असती, कुणाची जलमताच भुसभुशीत. वरनं बघून कळत न्हाई. गोरा-काळा, पैलवान-किडमिडा, काय संबंध न्हाई. भुसभुशीतवाल्याला साबण, सोडा, सारखं पाणी, कोरडं वारं, ह्यातलं काय बी लवकर माती काढून नेतं. एकदा फट पडली की जे येईल ते आत घुसतं आन अंग आतनं भांडाय उठतं, तीच आग, तोच फोड. शंभूराजचा बांध पक्का हाय, एवढंच. त्यात त्याचं पुण्य न्हाई आन माझं पाप न्हाई. तिनं इच्यारलं, लहानपणी कोपराच्या, गुडघ्याच्या आत खाज सुटायची का? म्हणालो, व्हय, सुटायची. आई राख लावायची. इच्यारलं, तुमच्याकडं हवा कोरडी असती का? म्हणालो, बाई, आमच्याकडं नुसती हवाच न्हाई, समदंच कोरडं.

तिला हसू आलं तवा मी मायाचा फोटू दाखवला. सुजलेल्या तोंडाचा. तिचं हसू गेलं.

म्हणली, ह्यात दोन जाती असत्यात. एक नुसता चटका. औषध, सोडा, साबण, हे जादा लागलं तर कुणाला बी हुतो, भुसभुशीतवाल्याला आदी. दुसरं वैर. अंगानं एकाद्या वस्तूची एकदा वळख धरली की मंग कणभर लागली तरी उठतंय. तुझ्या बायकोच्या फुटक्या हातावरचं बागंतलं औषध तोंडाला लागलं, का भंडाऱ्यातली हळद, का हळदीत मिसळलेला रंग, हे फोटूवरनं मी सांगणार न्हाई. बघा आबा, एवढी शिकलेली बाई, म्हणली मी सांगणार न्हाई. आन आपली आत्या एका रातीत निकाल देऊन मोकळी.

वैर वळखायला पाठीवर पट्ट्या लावत्यात. एकेका वस्तूचा ठिपका. दोन दिसांनी काढून बघत्यात, परत बघत्यात, कुठला ठिपका उठला. त्याला बी परीक्षाच म्हणायचं. पण ती पाठीला लावत्यात, तोंडाला न्हाई. तिळाएवढी लावत्यात, मूठभर न्हाई. आन उठलं तर औषध देत्यात, काडीमोड देत न्हाईत.

ही परीक्षा सांगलीला हुती. करायची तर ही करा. चंपाषष्ठीची सोडा.

अमृत


सेलम, २३ नोव्हेंबर

तुमचं कार्ड आलं. जसंच्या तसं खाली लिहितो, म्हंजी तुमाला परत वाचता येईल आपण काय लिवलंय.

"चि. अमृत यास. पत्रं पोचली. देवाच्या कामात डाक्टर घालू नये. चंपाषष्ठीचं जेवण यंदा आपल्याकडं हाय, पैसे लवकर धाडणे. मेंढरं बरी हायत."

मेंढरं बरी हायत! लय आनंद झाला. सून कशी हाय ते लिहायला कार्डावर जागा उरली न्हाई वाटतं.

जेवणाचं पैसं मी धाडणार न्हाई.

आता दुसरं ऐका. हे मी लिहिणार न्हवतो. डाक्टरीणबाईनं मला इच्यारलं हुतं, घरात आणखी कुणाला असं हुतं का? मी म्हणालो, न्हाई. मला आठवलंच न्हाई. तुमचं कार्ड वाचलं, राग आला, भाइर येऊन पायरीवर बसलो, आन तिथं समोरनं एक म्हातारा गेला, खांद्यावर कांबळं टाकून. तवा डोक्यात लख्ख उजेड पडला.

आबा, तुमी घोंगडं कवा बी अंगाला लागू देत न्हाई.

मेंढरामागं उभी हयात गेली तुमची, पण खांद्यावर घोंगडं टाकायच्या आदी खाली धोतराची घडी आन मानंला उपरणं. लोक म्हणत्यात, नाथाजी लय टापटिपीचा गडी. मी बी तेच म्हणायचो. मेंढराच्या लोकरीची कुसं तुमच्या मानंला टोचत्यात, मान लाल हुती, खाजवून रगत निघतं, हे आईला ठावं हाय आन मला ठावं हाय. मी लहान असताना उपरणं वढलं म्हणून तुमी मला एक ठिऊन दिली हुती. मला तवा वाटलं, उपरण्यासाठी मारलं.

आन गोचिडाच्या औषधाचं? मेंढरं औषधाच्या पाण्यात बुचकळायची असली की तुमी काठावर उभं ऱ्हाणार आन म्हणणार, हाण त्याला, धर त्याला. आन आई त्या पाण्यात उभी. दरसाल. कुणी इच्यारलं तर तुमी म्हणायचा, "मला त्ये औषध लागतंय."

लागतंय! तुमाला औषध लागतंय आन मायाला देव लागतो? गडीमाणसाची कातडी फुटली तर ती औषधानं, बाईची फुटली तर ती पापानं? तुमच्या मानंवर चट्टं उठलं तवा आत्याच्या अंगात का आलं न्हाई? धनगराला घोंगडं सोसंना म्हणून तुमाला कुणी लोणंदच्या यष्टीत बसवलं का?

मी हे पारावर सांगणार न्हाई. तुमी माझा बाप हायसा. पण तुमी मान हलवायच्या आदी ती मान कसली हाय ते एकदा हात लावून बघा.

अमृत


सेलम, १ डिसेंबर

आबा, हे पत्र भांडायला न्हाई.

मी येणार हुतो. लालासाहेबांनी लग्नसराई म्हणून सुट्टी न्हाई सांगितली, तरी मी कपडं भरलं. शंभूराज म्हणाला, तुझं काम मी वढतो, जा तू. मंग मायाला फोन केला, येतोय म्हणून. वाटलं खूश हुईल.

म्हणली, "येऊ नका."

"का गं?"

"तुमी आलासा तर समदी म्हणत्याल, नवरा आला, भांडला आन बायकोला घरात घुसवली. मंग जलमभर आत्याबाई म्हणणार, भांडून आलेली. तोंड माझं सुजलं हुतं, तुमचं न्हाई. मीच जाती."

"आगं पण परत चोळलं तर? डाक्टरीणबाई म्हणली, वैराची जात आसंल तर दुसऱ्यांदा जोरात उठतंय. डोळ्याला काय झालं म्हंजी?"

"सुजलेल्या तोंडानं बी बोलता येतंय. जिभंला कुठं काय झालंय माझ्या?"

वर तीच म्हणली, "आन हात कसं हायत तुमचं?" तिला कुणी सांगितलं? आईनंच.

म्हंजी ती चंपाषष्ठीला येणार हाय, सोताच्या पायानं. तिचा भाऊ संगट आसंल. मला रागच आलाय तिचा बी. कशाला जायचं तिथं? ज्या दारातनं हाकललं त्याच दारात परत तोंड घेऊन कशाला? मी म्हणालो, सरळ हिकडं ये, खोली घेतो. तर म्हणली, "येईन की. पण हाकललेली म्हणून न्हाई येणार. घरातनं निघून येईन."

तर आबा, एवढं करा. देवळात आत्याचा हात धरायला माझं हात तिथं न्हाईत. तुमचं हायत. तुमी बाप म्हणून माझं ऐकू नका, सासरा म्हणून तिचं ऐका. एवढंच. मी पाया पडतो असं लिहिणार हुतो, पण लिहिताना परत राग आला.

अमृत


सेलम, ११ डिसेंबर

वा आबा. दीड-दोन महिनं तुमी फोन उचलला न्हाई, आन आता सोता करून मला शिव्या घातल्या, त्या पण आयमाय काढून. आयमाय माझी म्हंजी तुमचीच बायको, एवढं बी भान न्हाई.

तुमी इच्यारलं, "तिला माझ्या मानंचं कुणी सांगितलं? तूच ना?" फोनवर मला बोलू दिलं न्हाईत, म्हणून आता लिहितो. मी न्हाई सांगितलं. मी ते पत्रात लिवलं, तुमच्या टोपीत ऱ्हायलं. मायाला सांगितलं ते आईनं. बत्तीस वर्षं तिनं ती मान गरम पाण्यानं शेकली, लोणी लावलं, आन तोंडातनं सबूद काढला न्हाई. ह्या टायमाला काढला. आईला, साळूबाईला, गरीब गाय म्हणत हुता ना तुमी?

आईनं मला समदं सांगितलं, मायानं बी सांगितलं. दोघी एकाच फोनवर, एकमेकीचा फोन हिसकावत. तुमच्या तोंडचं ऐकायचं ऱ्हायलंय, पण तुमी ते सांगणार न्हाई, म्हणून मीच सांगतो. चुकलं तर दुरुस्त करा.

देऊळ भरलेलं. ढोल थांबला. आत्या मूठ भरून पुढं आली. तानाजी आडवा गेला तर मायानंच त्याला बाजूला केला. म्हणली, "आत्याबाई, लावा. पण तोंडाला न्हाई. दंडाच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा. देवाला कळायला तेवढा बास हाय."

आत्या म्हणली, "मला शिकिवती व्हय गं? देवाच्या दारात मापं काढती?"

"मापं तुमीच काढलीसा. समद्यांस्नी बोट, मला मूठ."

मागनं बाया हसल्या म्हणं. आत्या पेटली. "ज्या घराला भंडारा सोसतो, त्याच घरात ऱ्हायाचं! न्हाई सोसला तर ते घर तुझं न्हाई!"

तवा माया म्हणली, "बरं. मंग ह्याच पुडीतला पहिला मामंजींच्या मानंला लावा. उपरणं काढून. त्यास्नी सोसला की मला चोळा, मी हू का चू करणार न्हाई."

समदी तुमच्याकडं बघाय लागली. आत्या म्हणली, "दादा, काढ की उपरणं. हिला दाव." आन तुमचा हात, आबा, उपरण्यावर गेला. पण काढायला न्हाई. आवळायला. आत्या पुढं आली तसं तुमी दोन पावलं माघारी सरलासा, आन म्हणालासा, "बये, पुरं. पुडी ठेव खाली." आत्या म्हणली, "म्हंजी?" तुमी म्हणालासा, "म्हंजी पुरं म्हणलं ना." आन मायाकडं न बघता, "घरी चल. च्या ठेव."

गाव उठून घरला आलं. मायानं चूल पेटवून च्या ठेवला. पंगत बी उठली, माझ्या पैशाबगर. कुणी तिला भाइर थांब म्हणालं न्हाई. आत्या मातुर न जेवता गेली.

आई रडत सांगत हुती, "बघ, तुझ्या आबांनी राखली रं सुनंला." मी फोनवर व्हय व्हय म्हणालो. आईला काय बोलायचं. पण तुमाला बोलतो. तुमी सुनंला न्हाई राखली. तुमी तुमची मान राखली. तिचं तोंड दसऱ्याला सुजलं तवा तुमाला पुरं म्हणता आलं न्हाई. तिला यष्टीत बसवली तवा आलं न्हाई. माझ्या पत्रांनी आलं न्हाई. मूठ तुमच्या मानंकडं वळली आन लगीच तोंडातनं पुरं आलं.

आन वर मला म्हणता, "गावाला समदं कळलं, आता तोंड दाखवायला जागा न्हाई." मायानं सुजलेलं तोंड पदरात घालून आटपाडीच्या स्टँडवर यष्टीची वाट बघितली, तवा तिला कुठली जागा हुती? आन तुमी उपरणं आवळलंत त्यावरनं काय कळलं गावाला? नाथाजीला लोकर टोचती. बास? चोरी केली का दरोडा घातला? जी लाज तुमी हयातभर उपरण्याखाली ठेवली ती लाजच न्हवती आबा. भुसभुशीत बांध हाय, आपल्या घराचा. माझा बी तसलाच. मी आता हात झाकत न्हाई. लालासाहेबांना सांगितलं, धुण्याच्या पाण्यात एक दिसाआड बसवा, सुती मोजं आतनं आन रबरी वरनं द्या, न्हाईतर मी दुसरं दुकान बघतो. तोंड वाकडं केलं पण आणलं मोजं. शंभूराज आता म्हणतो, "मला बी पायजेत." म्हशीच्या पाठीला मोजं!

माया चार दीस तिथं ऱ्हाईल. मंग ती हिकडं येणार हाय. हाकललेली म्हणून न्हाई, घरातनं निघून. तुमी सोता यष्टीत बसवून द्यायची, तोंडावर पदर न घेता.

पण आदी सांगलीला जायचं. आई न्हाई, तानाजी न्हाई. तुमी न्यायचं. भंडाऱ्याची पुडी बरूबर घ्या, बागंतल्या पेस्टीचं नाव बागवाल्याकडनं चिठ्ठीवर लिहून घ्या, सोड्याची पावडर घ्या, आन घोंगड्याची एक दशी बी घ्या. डाक्टर इच्यारंल, पेशंट कोण? तवा सुनंकडं बोट दावून खुर्चीत गप बसू नका. म्हणा, दोघं हायत. पट्ट्या दोघांच्या पाठीला लावून घ्या. पट्टी भिजवायची न्हाई, दोन दिसांनी परत जायचं, म्हणून तिथंच पाव्हण्यांकडं ऱ्हावा. दोन दीस सासरा-सून एका घरात, पाठ खाजवायची बंदी. बघा कोण आदी कुरकुरतंय. माझी पैज मायावर हाय, ती न्हाई कुरकुरायची.

मेंढरं आई बघंल. मेंढरं बरी ऱ्हातील.

डाक्टरची फी, पट्ट्यांचं पैसं, दोघांचं यष्टीचं भाडं आन मायाचं सेलमचं तिकीट मिळून, तुमच्या न्हाई, आईच्या खात्यावर टाकतोय. सात हजार रुपये.